गिरणीतल्या कवीचं चरित्र: सुरुवात कवितेपासून नको, कामाच्या पाळीपासून करा

सोलापूरच्या एका नातीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबा कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. संपात तुरुंगात गेले, गिरणीच्या गेटवरच्या सभेत पोवाडे म्हणायचे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव गायले. वारून चाळीसेक वर्षं झाली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या दोन वह्या आणि काही छापील चोपडी सापडली. घरचे सांगतात की १९३० च्या मार्शल लॉमध्येही, म्हणजे सोलापुरातल्या लष्करी अंमलातही, ते होते, पण शाळेच्या दाखल्यावर जन्म १९१८ चा आहे. तिला त्यांचं चरित्र लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू, या कवितांना काही मोल आहे का, आणि पुस्तक काढावं का, असं ती विचारते.

कामगार शाहिरांच्या वह्या शोधणं, वाचणं आणि छापण्याजोग्या करणं हे काम मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरची माणसं असं चरित्र लिहायला बसली की बहुतेक वेळा एका माणसाची तीन माणसं होतात. एका प्रकरणात गिरणीत राबणारा, दुसऱ्यात कविता करणारा, तिसऱ्यात झेंडा घेऊन निघालेला. वाचणाऱ्याला वाटतं, हा दिवसभर मागावर होता, रात्री कवी व्हायचा आणि रविवारी कार्यकर्ता. तुमच्या आजोबांचा दिवस असा वाटलेला नव्हता. त्यांची कविता साच्यापुढे उभं राहून मनात जुळली, गेटवर पहिल्यांदा म्हटली गेली आणि वहीत सगळ्यात शेवटी उतरली. म्हणून वही आधी उघडू नका. आधी त्यांची पाळी काय होती ते शोधा.

कायद्यानेच एक चौकट मिळते. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याचे ६० तास ठरले, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि १९४६ च्या दुरुस्तीनंतर ४८. आजोबांची उमेदीची वर्षं नेमकी या बदलांतून गेली. १९३६ साली दहा तास उभा राहून घरी आलेला माणूस किती लिहील आणि १९५० साली किती लिहील, हा हिशेब साधा आहे. वहीतल्या लांब रचना कोणत्या वर्षांत वाढतात ते पाहा. लांब पोवाडे एक तर ४६ नंतरचे असतात, नाहीतर संपाच्या महिन्यातले, नाहीतर तुरुंगातले. वेळ मिळाला तिथेच ते लांबले.

मग खातं. गिरणी कामगार म्हणून भागत नाही. सूतकताईच्या खात्यातला माणूस बहुधा हजेरीवर, साचेवाला उक्त्यावर, म्हणजे जेवढं कापड निघेल तेवढे पैसे. तो साधारण दोन साचे सांभाळायचा. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की साचा थांबवून नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. ते ओढताना सुताची कुस थेट छातीत जायची. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की पुन्हा थांबायचं, सांधायचं. थांबण्यात गेलेला प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून गेला. कापडात खोट निघाली तर दंड. काही गिरण्यांत तर ते खराब कापडच साचेवाल्याच्या गळ्यात मारून किंमत पगारातून कापून घेत. १९३६ च्या वेतन कायद्याने दंडावर लगाम आला, पण त्याआधी साचेवाल्यांच्या तक्रारींत ही तक्रार सगळ्यात वरची असे. वहीत कुठे कपातीचा, दंडाचा उल्लेख आला तर तो अलंकार समजू नका. ती त्या महिन्याच्या पगाराची नोंद आहे.

साचाखात्यात आवाज एवढा की शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. माणसं ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलतात. तिथे गाणं शक्य नाही, पण मनातल्या मनात मात्रा मोजणं शक्य आहे, कारण धोट्याचा ठेका एकसारखा चालू असतो. जुन्या साचेवाल्यांनी मला हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे: ओळ तिथे बसायची, रात्री फक्त टिपून ठेवायची. म्हणून या वह्यांत खाडाखोड कमी असते. कमी खाडाखोड दिसली की लोक म्हणतात, दुसऱ्याचं उतरवून घेतलं असेल. तसं लगेच ठरवू नका. खाडाखोड डोक्यात झालेली असते.

आता वही उघडा. कवितेच्या डोक्यावर बहुधा ‘चाल’ असं लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याची पहिली ओळ दिलेली असेल. छापताना लोक ही ओळ पहिल्यांदा काढून टाकतात, कवितेचा दर्जा उतरतो म्हणून. अख्ख्या वहीतला सगळ्यात कामाचा पुरावा हाच. चाल बोलपटातली असेल तर तो बोलपट कधी लागला ते काढता येतं, आणि कविता त्याआधीची नाही हे पक्कं होतं. चाल लावणीची असेल तर आजोबा तमाशाला जात होते. अभंगाची असेल तर घरात वारी होती किंवा शेजारी भजनी मंडळ होतं. अभंगाचं सहा, सहा, सहा, चार अक्षरांचं माप आणि ओवीची सैल लय ज्याच्या कानात लहानपणी बसली, तो संपाची हाकही त्याच मापात देतो. आपल्याच जिल्ह्यात अरणचे सावता माळी झाले. चोखामेळा तर मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. कष्टाचं काम करता करता रचना करणं या मुलखाला नवं नाही. तरीही प्रस्तावनेत संतांची नावं ओळीने मांडू नका. एका जरी कवितेच्या डोक्यावर अभंगाची चाल असेल तर तिथे, त्या कवितेजवळ, हे सांगा.

वहीची मागची पानंही वाचा. उसनवारी, रेशन, भिशी, कुणाच्या लग्नाला किती दिले, युनियनची वर्गणी कुणाकडून यायची राहिली. कवितेच्या पानावर तारीख नसते, हिशेबाच्या पानावर असते. दोन्हींची शाई आणि अक्षर ताडून पाहिलं की निम्म्या कवितांची वर्षं लागतात. मागे वळणदार, एकमेकांना जोडलेली अक्षरं दिसली तर ती मोडी लिपी असेल. त्या पिढीतली बरीच माणसं हिशेब मोडीत आणि कविता बाळबोधीत लिहायची. मोडी वाचणारी माणसं अजून मिळतात, विचारा.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक पाहायचं. हे शहर एका भाषेचं कधीच नव्हतं. पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू, शहरभर कानडी, उर्दू, आणि गेटवर मराठी. देवनागरीत लिहिलेल्या तेलुगू ओळी, मराठी पोवाड्यात मध्येच घुसलेला कानडी शब्द, सभेपुरती उर्दूची एक ओळ, हे सगळं वह्यांत सापडतं. ते शुद्ध करू नका. त्या सभेत समोर कोण बसलं होतं याची हजेरी त्या शब्दांत आहे. लेखनही तसंच ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं असेल तर शेजारी वेगळी प्रत द्या, मूळ प्रतीत हात घालू नका.

१९३० बद्दल. सोलापुरात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. गांधीजींना अटक झाल्यावर मे महिन्यात गिरण्या बंद पडल्या, ८ मेला गोळीबार झाला, लोक पेटले, १२ मेला मार्शल लॉ लागला आणि तो जूनअखेरपर्यंत होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. कुर्बान हुसेन तर अगदी कोवळ्या वयाचे, वर्तमानपत्र चालवणारे. या शहराला या गोष्टीचा अभिमान असणं साहजिक आहे, आणि म्हणूनच मागच्या पिढीतला प्रत्येक आजोबा त्या गर्दीत असतो.

तुमचे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. मग हे खोटं का? नाही. १९२२ च्या कायद्याने बारा ते पंधरा वयाची मुलं सहा तासांपर्यंत गिरणीत चालायची. बारा वर्षांचा मुलगा गिरणीत असणं आणि त्या दिवशी गिरणी बंद करून बाहेर पडलेल्या गर्दीत असणं सहज शक्य आहे. पण शक्य आहे म्हणजे घडलं असं नाही. शाळेचा दाखलाही त्या काळी गुरुजींनी अंदाजाने लिहिलेला असतो, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात. तेव्हा असं लिहा: घरात अशी आठवण आहे, जन्मनोंद अशी आहे, त्या वयाची मुलं गिरणीत घेतली जात. एवढंच. वाचणारा शहाणा असतो. ‘मार्शल लॉमधले बालसैनिक’ असा मथळा दिलात तर पुढच्या पानावरची खरी गोष्टही तो शंकेने वाचेल.

तारखा काढायला घरच्यांना सन विचारू नका. रझाकाराच्या वेळी आजोबा कुठे होते ते विचारा. निजामाची हद्द सोलापूरला लागून, १९४८ साली माणसं पळून इकडे आली, सप्टेंबरात भारतीय फौजा सोलापुरातूनच पुढे गेल्या, ती आठवण जुन्या माणसांत पक्की आहे. गांधीजी गेले तेव्हा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो खाल्ला तेव्हा, असं विचारलं की मूल किती वर्षांचं होतं, गिरणी चालू होती की बंद, कोणती पाळी होती, सगळं बाहेर येतं.

आणि विचारायचं कुणाला? इथे मी आग्रहाने सांगतो. युनियनच्या जुन्या माणसांकडे नंतर जा. आधी घरातल्या बायकांकडे. आजी नसेल तर आत्या, आजोबांच्या भावजया, चाळीतल्या म्हाताऱ्या शेजारणी. सोलापुरात गिरणीचा संप चालायचा त्याला एक मोठं कारण विड्या वळणाऱ्या हातांचं आहे. कारखान्यातून पान, तंबाखू आणायची, पान भिजवून, कापून, वळून, दोऱ्याने बांधून हजार विड्या पुऱ्या करून द्यायच्या. त्यातूनही छाट म्हणून काही बाजूला काढल्या जायच्या, त्यांचे पैसे नाहीत. नवऱ्याचा पगार बंद असताना चूल या हजारांवर पेटली. आजोबा तुरुंगात होते त्या महिन्यांत घरात कोण किती विड्या वळत होतं, हे तुमच्या चरित्रातलं पूर्ण प्रकरण व्हायला हवं. आत्याला विचारा: पानं कुठून आणायची, मजुरी कोण घ्यायला जायचं, शाळा कुणाची सुटली. बहुतेक वेळा मोठ्या मुलीची सुटलेली असते. शाहिराच्या चरित्रात हे सहसा येत नाही, कारण पोवाड्यात ते येत नाही. पण तो पोवाडा उभा राहिला तो त्या मजुरीवर.

आता कागद. छापील चोपडी नीट पाहा. आणा, दोन आणे किंमत, शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारकडे करावी लागे, आणि मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत. त्यांत छापखाना, पानं, किंमत आणि प्रती किती काढल्या हेही असे. एका आण्याच्या चोपडीसाठी या याद्या चाळायला कुणी जात नाही. तुम्ही जा. एक हजार प्रती निघाल्याची नोंद मिळाली तर ‘लोकप्रिय होते’ असं विशेषण लावायची गरजच उरत नाही. काळाची पार्श्वभूमी हवी असेल तर मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने विसाच्या दशकात सोलापूरच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून अहवाल काढला होता, आणि १९२१ पासून लेबर गॅझेट दरमहा निघत होतं. संप, मागण्या, हजेरी, पगारदर, सगळं त्यात आहे. पोलिसांचे गुप्त अहवाल आणि तुरुंगाच्या नोंदी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात शोधाव्या लागतील. स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी घरच्यांनी कधी अर्ज केला असेल तर त्याला जोडलेला तुरुंगाचा दाखला घरातच कुठेतरी असेल. गावात कल्पतरू, सोलापूर समाचार आणि नंतरच्या काळासाठी संचारच्या जुन्या फायली पाहा. हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. गिरणीची हजेरीपुस्तकं मात्र मिळतील अशी फार आशा धरू नका. गिरण्या बंद पडल्या तेव्हा यंत्रं भंगारात गेली, कागद तर त्याआधीच. तरी आजोबांचं गिरणीतलं हजेरीचं तिकीट, विमा योजनेचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, यातलं काहीही असेल तर तिकीट नंबर आणि खातं कळतं.

कवितांना मोल आहे का, हा प्रश्न तुम्ही दबकत विचारला आहे, म्हणून स्पष्ट उत्तर देतो. आहे, पण मोजायचं माप ठरवून घ्या. लोक लगेच शाहीर अमर शेखांशी तुलना करतील. तीही आपल्याच जिल्ह्याची गोष्ट. १९१६ साली बार्शीत जन्म, आई मुनेरबी, गरिबी, बसवर क्लीनरचं काम, मग गिरणी, तिथला संप आणि तुरुंग. पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्रात हजारोंच्या सभा त्या आवाजाने बांधून ठेवल्या. १९५८ साली त्यांचा ‘कलश’ हा कवितासंग्रह आला, पुढे ‘धरतीमाता’. १९६९ च्या ऑगस्टात इंदापूरजवळ अपघातात ते गेले, त्याच्या महिनाभर आधी अण्णाभाऊ गेले होते. अमर शेख मोठे कवी होते हे खरंच. पण ते आपल्यापर्यंत पोहोचले याला मुंबई, कम्युनिस्ट पक्ष, छापखाना आणि संग्रह यांचाही हातभार होता. जो सोलापूर सोडून गेला नाही, ज्याने सकाळची पाळी चुकवली नाही, त्याचं गाणं गेटच्या पलीकडे फार गेलं नाही. त्याला ‘छोटा अमर शेख’ करू नका. तो त्या गेटचा कवी होता, आणि त्या गेटवर त्याने काय केलं ते पाहा.

पाहायचं म्हणजे असं. कवितेत पालुपद कुठे येतं आणि ते किती सोपं आहे? मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांनी आणि समोरच्या गर्दीने पहिल्याच ऐकण्यात उचलावं इतकं सोपं असेल तर कवीला आपलं काम कळत होतं. कडव्यात एकच मागणी आहे की दहा? चांगला गेट-शाहीर एका कडव्यात एकच गोष्ट सांगतो, कारण पाळी सुटण्याच्या आणि भरण्याच्या मधल्या थोड्या वेळात माणूस चालता चालता ऐकतो. मालकाचं वर्णन ठरावीक राक्षसाचं आहे की त्यात एखादी बघितलेली गोष्ट आहे, घड्याळ, बग्गी, जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, बोलवायची तऱ्हा? बघितलेली गोष्ट असेल ती कविता पुस्तकात घ्या. नुसत्या घोषणांच्या कविता परिशिष्टात टाका, फेकू नका. आणि वहीत कुठे एकही घोषणा नसलेली कविता सापडली, मेलेल्या मुलावर, आंधळ्या होत चाललेल्या सहकाऱ्यावर, किंवा रात्रपाळीहून परत येताना सिद्धेश्वराच्या तळ्यावर दिसलेल्या पहाटेवर, तर ती दडवू नका. चळवळीतली माणसं कधी कधी म्हणतात, हे त्यांचं खरं लेखन नाही. त्यांचंच आहे.

अडचणीच्या गोष्टीही येतील. संप मोडला तेव्हा आधी कामावर कोण गेलं, युनियन फुटली तेव्हा आजोबा कुठल्या बाजूला राहिले, दारू, घरातला मार. यातलं जे दोन स्वतंत्र माणसांनी सांगितलं आणि ज्याने त्यांच्या कामाचा अर्थ बदलतो ते लिहा. दुसऱ्या कुणाच्या हयात वारसाला डाग लागेल असं नाव मात्र गाळा. पूजेची तसबीर करून ठेवलेल्या माणसाचं चरित्र नातवंडांची मुलं वाचत नाहीत.

वह्या जपण्याचं दोन वाक्यांत: लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या पानावर सेलोटेप लावू नका, दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. मुखपृष्ठापासून कोऱ्या पानांपर्यंत प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, वही सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा, आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. चाली माहीत असणारा कुणी हयात असेल तर त्याच्याकडून त्या म्हणून घ्या, मोबाइलवर का होईना. हे काम छपाईच्या आधी, कारण ती माणसं थांबणार नाहीत.

पुस्तक काढा, पण फार मोठं नको. निवडक कविता, प्रत्येकीच्या वर तिची चाल, खाली जमेल तेवढा प्रसंग, सोबत चार-पाच पानांची छायाचित्रं, आणि साचा, धोटा, कांडी, बदली, जॉबर, छाट अशा शब्दांची छोटी सूची, कारण आज सोलापुरातल्या पंचविशीतल्या मुलालाही हे शब्द माहीत नसतात. चरित्र पुढे जोडा, शंभर पानांत बसवा. छापण्याआधी एक कागद करून घ्या. कवी वारल्यापासून ६० वर्षांपर्यंत कवितांचा हक्क वारसांकडे असतो, म्हणजे तो एकट्या तुमचा नाही, तुमचे वडील, काका, आत्या आणि त्यांची मुलं सगळ्यांचा आहे. सगळ्यांची लेखी संमती घ्या, लग्न होऊन गेलेल्या आत्यांचीही. त्यांना कुणी विचारत नाही, आणि नंतर वाद तिथूनच निघतो.